पान्हा पोस्टरनं फुटत नाही

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की नाशिक शहरातल्या सरकारी दवाखान्यांच्या भिंतींपासून सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरच्या अंगणवाड्यांपर्यंत एकच चित्र लागतं: गोरीपान हसरी आई, कुशीत गुबगुबीत बाळ आणि खाली ‘आईचे दूध हेच अमृत’. जागतिक स्तनपान सप्ताह सुरू होतो, प्रभातफेऱ्या निघतात, रांगोळी स्पर्धा होतात आणि दरवर्षीचा तोच वाद पुन्हा रंगतो. एक बाजू म्हणते, आजकालच्या मुलींनाच अंगावर पाजायला नको असतं. बांधा बिघडेल म्हणून, नोकरी आहे म्हणून, दूध पावडरीचा डबा सोपा पडतो म्हणून. दुसरी बाजू उसळून म्हणते, बाईनं तिच्या शरीराचं काय करावं हे सरकारनं सांगू नये, डबा देणारी आई काही गुन्हेगार नाही. दोन्हीकडचा आवेश खरा आहे. पण पाजायचं की नाही हे आई ठरवते, एवढं दोघांनीही न तपासता धरून ठेवलेलं आहे.

बहुतेक वेळा ते आई ठरवत नाही. पाजायची इच्छा नसलेल्या बाया थोड्या. पाजायचं होतं आणि जमलं नाही अशा बाया फार. त्यांचं अडतं ते प्रसूतिगृहातल्या पहिल्या तासात, मग कामावर परतल्यावर आणि शेवटी सहाव्या महिन्यात, बाळाच्या वाटीत काय घालायचं हा प्रश्न उभा राहतो तेव्हा. यातला पहिला तास दवाखान्याच्या हातात असतो, कामाचा दिवस मालकाच्या किंवा मुकादमाच्या, आणि वाटी घरच्या मिळकतीच्या व सरकारी आहाराच्या. म्हणून सरकारनं आईला पटवण्यात घातलेली शक्ती काढून या तिघांकडे वळवावी, असं माझं म्हणणं आहे. आईला पटलेलंच आहे.

प्रचाराच्या बाजूनं सर्वांत भक्कम पुरावा आकड्यांचा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. सहा महिन्यांखालच्या, फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचं देशातलं प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४६.४ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ५४.९ आणि २०१९-२१ मध्ये ६३.७. दरम्यान २०१६ च्या ऑगस्टमध्ये स्तनपान वाढवण्यासाठी केंद्राचा ‘मा’ कार्यक्रम सुरू झाला, आशा सेविका आणि एएनएम म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका यांची प्रशिक्षणं झाली. या वाढीचं काही श्रेय प्रचाराला द्यायलाच हवं. पण हा आकडा कसा मोजतात तेही बघा. मुलाखतीच्या आदल्या चोवीस तासांत बाळाला दुसरं काही दिलं का, एवढंच आईला विचारतात, आणि शून्य ते पाच महिन्यांच्या सगळ्या बाळांची सरासरी काढतात. त्यात दहा दिवसांचं बाळही आलं आणि साडेपाच महिन्यांचंही. तेव्हा ६३.७ चा अर्थ ‘शंभरातली चौसष्ट बाळं पूर्ण सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर राहिली’ असा होत नाही. खरा आकडा त्याहून खाली असणार, कारण चौथ्या-पाचव्या महिन्यात गळती सर्वांत मोठी असते.

शिवाय यातल्या शेवटच्या दोन सर्वेक्षणांतली दुसरी ओळ कुणी वाचत नाही. दवाखान्यात होणाऱ्या प्रसूती ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेल्या. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ झालं, म्हणजे जागचं हललंच नाही. आई जितकी जास्त दवाखान्यात आली, तितका पहिला तास सुधारायला हवा होता की नाही? तिथं डॉक्टर आहेत, नर्स आहेत आणि हो, भिंतीवर पोस्टरही आहे. तरी काही घडलं नसेल तर दोष पोस्टर वाचणारीचा, की ज्याच्या भिंतीवर ते लावलंय त्याचा?

पहिल्या तासात काय होतं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. निरोगी बाळ जन्मल्याबरोबर कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून दोघांना पांघरूण घातलं, तर ते बहुधा तासाभरात स्वतःच तोंड शोधू लागतं. त्या वेळी ते जागं असतं, चोखण्याची ओढ तीव्र असते. नंतर ते बरेच तास गुंगीत जातं. चोखण्यानं आईचं गर्भाशय आकुंचन पावतं, रक्तस्राव कमी होतो. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, तोही चमच्या-दोन चमच्यांच्या हिशेबात. नेमका तेवढाच लागतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलिलिटरच मावतं. प्रत्यक्षात काय होतं? बाळाचं वजन, आंघोळ, दुपटं. मग बाहेर थांबलेल्या आजीच्या हातात ते जातं. आईला टाके पडतात, तिला तास-दोन तासांनी वॉर्डात हलवतात, तोवर बाळ झोपलेलं. उठून रडलं की ‘दूध उतरलंच नाही अजून’ असं कुणीतरी म्हणतं आणि मध, गूळपाणी, गुटी किंवा सरळ डबा येतो. पोट भरलेलं बाळ चोखत नाही, न चोखल्यानं दूध वाढत नाही आणि तिसऱ्या दिवशी ‘हिला दूध कमीच’ हा शेरा पक्का होतो.

सिझेरियनचं कारण पुढे केलं जातं. खासगी रुग्णालयांत देशातल्या जवळपास निम्म्या, ४७.४ टक्के, प्रसूती सिझेरियननं होतात, त्यामुळे हे कारण लहान नाही. पण बहुतेक सिझेरियन कमरेतल्या इंजेक्शनवर होतात. आई शुद्धीत असते, छाती मोकळी असते, फक्त कूस बदलता येत नाही. टाके घालणं चालू असतानाच बाळ आडवं छातीवर ठेवता येतं. त्यासाठी एक शिकलेली नर्स वीस-तीस मिनिटं तिथं उभी राहावी लागते, ती नसते. सरकारी प्रसूती कक्षांसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ हा गुणवत्ता कार्यक्रम आहे, त्यात पहिल्या तासाचं स्तनपान मोजलं जातं. खासगी प्रसूतिगृहांना मात्र कुणी विचारत नाही. त्यांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, शहरात ती महापालिकेकडे असते. नूतनीकरणाच्या वेळी अग्निशमनाचा दाखला मागतात, जैववैद्यकीय कचऱ्याचा मागतात. प्रसूती नोंदवहीत ‘पहिल्यांदा अंगावर घेतल्याची वेळ’ हा रकाना सक्तीचा करून वर्षाची टक्केवारी मागायला काय हरकत आहे? नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कोणत्या हॉस्पिटलात शंभरातल्या किती आयांनी तासाभरात पाजलं, हा आकडा लोकांना कळला तर एका वर्षात जो बदल होईल तो दहा सप्ताहांनी होणार नाही.

‘दूध कमी पडतं’ या तक्रारीपाशी थोडं थांबायला हवं, कारण डब्याचा निम्मा बाजार तिच्यावर उभा आहे. खरोखर दूध कमी असणाऱ्या बाया असतात: थायरॉइडचा त्रास, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, स्तनावर झालेली शस्त्रक्रिया. पण बहुतेकींच्या बाबतीत बाळानं नीट धरलेलं नसतं. तोंड पुरतं उघडण्याआधीच बाळाला ओढून घेतलं की ते नुसतं स्तनाग्र चोखतं. दूध दाबून काढलं जातं ते भोवतालच्या काळ्या भागाखालून, तो तोंडात गेलाच नाही तर बाळ तासभर लुचूनही उपाशी राहतं आणि आईला चिरा पडतात. नीट धरल्याची खूण डोळ्यांना दिसते: हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग ओठाच्या वर जास्त आणि खाली कमी दिसतो, गिळल्याचा आवाज येतो, आईला दुखत नाही. दूध पुरतं की नाही हे कळायला बाळाचं रडणं कामाचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-सात वेळा शू झाली पाहिजे, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघालं पाहिजे आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ हवी. पहिल्या तीन-चार दिवसांत वजन थोडं उतरतं, ते स्वाभाविक आहे. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर मात्र डॉक्टरनं बघावं.

हे पोस्टरनं शिकवता येत नाही, हात धरून शिकवावं लागतं. आपल्याच राज्यात याचं उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचं वजन घेऊ लागल्या, ऊब देणं, पाजणं, जंतुदोष ओळखणं शिकवू लागल्या. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यातूनच पुढे आशाच्या गृहभेटी देशभर आल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. भेटींचं वेळापत्रक आपण उचललं, पण प्रत्येक भेटीत काय बघायचं त्याचा सराव पातळ केला. तिसऱ्या दिवशी आशा येते, फॉर्म भरते, ‘पाजताय ना?’ विचारते, आई ‘हो’ म्हणते. ‘दाखव बरं कसं पाजतेस’ असं म्हणून दहा मिनिटं शेजारी बसणं हीच खरी भेट. आशाला भेटींचे पैसे मिळतात ते फॉर्मचे. बसून राहण्याचे मिळत नाहीत, तर ती का बसेल?

आता दुसऱ्या बाजूचं. बाईला अपराधी वाटायला लावू नका, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. केमोथेरपी चालू असलेल्या आईला, गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर न पचण्याचा जन्मजात विकार) असलेल्या बाळाला, आई गमावलेल्या बाळाला डबा किंवा इतर आयांचं दूध जमवून देणारी दूध पेढी हाच आधार आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी उभी राहिली ती अशाच बाळांसाठी. पण ‘सरकार डब्यावर बंदी घालून बाईचा पर्याय हिरावतं’ हे म्हणताना कायदा न वाचल्याचं दिसतं. १९९२ चा आणि २००३ मध्ये कडक केलेला कायदा दूध पावडर विकायला मनाई करत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दूध पावडरीची, बाटल्यांची आणि तयार आहाराची जाहिरात, फुकट नमुने, विक्रीवर कर्मचाऱ्यांना कमिशन, डॉक्टरांच्या परिषदांना पैसा, एवढं तो रोखतो. अडवला आहे तो विक्रेता. आईनं दुकानातून डबा आणला तर कायद्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

आणि तो का अडवावा लागला? १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात भाषण करताना डॉ. सिसिली विल्यम्स यांनी बाळांच्या आहाराबद्दलच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचाराला खून हा शब्द वापरला होता. गोड आटीव दूध आईच्या दुधाला पर्याय म्हणून खपवलं जात होतं आणि बाळं मरत होती. जगाला त्यावर नियम करायला १९८१ उजाडलं. जागतिक आरोग्य सभेत ११८ देश बाजूनं होते, विरोधात एकटी अमेरिका. ‘पर्याय’ या युक्तिवादाची ही जुनी वंशावळ आहे. शिवाय पर्याय परवडला तरच पर्याय असतो. हिशेब करा. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण साडेसातशे मिलिलिटर दूध लागतं. शंभर मिलिलिटरला तेरा-चौदा ग्रॅम पावडर, म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ डबे लागतात. रोजंदारीच्या घरात महिन्याला दोनच येतात, मग चमचे कमी होतात आणि पाणी वाढतं. पाणी उकळून सत्तर अंशांखाली जाण्याआधी पावडर कालवायची, दोन तासांत उरलेलं फेकायचं, बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरायचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका चुलीच्या घरात ते पाळणं जवळजवळ अशक्य. फेकायचं दूध कुणी फेकत नाही. मग पोट बिघडतं, वजन उतरतं आणि ‘बाळाला दूधच मानवत नाही’ म्हणून तेही आणखी पातळ होतं.

म्हणजे पर्यायाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी खरं तर वेळ मागायला हवा होता, कारण शहरातली नोकरी करणारी आई डब्याकडे वळते ती वेळेअभावीच. इथे मुंबई कायदेमंडळातली एक जुनी चर्चा आठवावीशी वाटते. १९२८ मध्ये गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देण्याचं विधेयक आलं तेव्हा मालकांचा आक्षेप होता की ओझं कारखान्यांवर का. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना म्हटलं की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा. कायदा १९२९ मध्ये झाला, भार मात्र मालकावरच राहिला. १९६१ चा केंद्रीय कायदाही तसाच, २०१७ ची दुरुस्तीही तशीच: २६ आठवड्यांची रजा, पन्नास किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी पाळणाघर, बाळ पंधरा महिन्यांचं होईतो दिवसात पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. कागदावर याहून चांगलं फार थोड्या देशांत असेल. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ते कुणाला मिळतं? कायम नोकरीतल्या बाईला. कंत्राटी बाईला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं. कंत्राटदार बदलला, नाव नव्या यादीत गेलं की मोजणी कुठून धरायची यावरच घोडं अडतं. पूर्ण भार मालकावर टाकला की मालक तरुण बाई घ्यायचंच टाळतो, हेही लपून राहिलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी सांगितलेला उपाय आपण अजून करून बघितलेला नाही.

आणि जिल्ह्यातल्या बहुसंख्य आया सातपुरात नाहीत. कितीतरी जणी द्राक्षबागेत आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडला उतरतात. काडीला पेस्ट लावणं, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, मग डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं) आणि जानेवारीपासून काढणी. काम एकरी उक्तं असतं. उक्त्या कामात पाजायला गेलेली वीस मिनिटं टोळीच्या वाट्यातून जातात. कुणी बोललं नाही तरी बाईला ती डोळ्यांत वाचता येतात. तीन-चार महिन्यांचं बाळ दिवसरात्रीत आठेक वेळा पितं. सकाळी सात ते संध्याकाळी पाच या वेळेत त्यातल्या तीन-चार पाळ्या येतात. त्या चुकल्या आणि स्तन आठ-नऊ तास भरलेलेच राहिले तर शरीर दूध बनवणंच कमी करतं. भरलेल्या स्तनातलं दूध स्वतःच पुढचं दूध अडवतं, ही त्यातली यंत्रणा. पंधरा दिवसांत ‘आटलं’ ही तक्रार येते आणि ती खरी असते. हातानं दूध काढून ठेवायचं म्हटलं तर साध्या तापमानाला ते चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. आणि बागेत आडोसा, स्वच्छ भांडं, हात धुवायला साबण कुठून आणायचा? छाटणीनंतर काडीला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड विषारी असतं; ते लावलेल्या हातांनी पाजणं किंवा त्याच ओळीत झोळी टांगणं धोक्याचं. या बाईला ‘आईचं दूध अमृत’ सांगणारा माणूस नेमकं काय सांगतोय?

सरकार म्हणेल, मातृवंदना योजना आहे ना. आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं किमान ६,००० रुपये लिहिले. २०१७ पासून पहिल्या अपत्याला ५,००० मिळतात, उरलेले जननी सुरक्षेतून धरले जातात. सहा महिन्यांवर पसरले तर ५,००० रुपये म्हणजे दिवसाला २८ रुपयेही नाहीत. त्यातले ३,००० बाळंतपणाआधीचे. नंतरचे २,००० बाळाच्या लसींची पहिली फेरी पुरी झाल्यावर, म्हणजे साडेतीन महिन्यांनी, तेही कागद जुळले तर. तोवर बाई कामावर गेलेली असते. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० आहेत, मुलगा असेल तर काही नाही. जणू दुसऱ्या मुलाची आई कमी थकते.

‘उक्त्यावर काम करणाऱ्या बाईला सरकार वेळ कसा देणार?’ हा आक्षेप गंभीर आहे. द्राक्ष बागायतदारावर पाळणाघराची सक्ती केली तर तो लेकुरवाळी टोळीत नको म्हणेल. त्याचा संशय घ्यायला नको, खर्चाच्या दबावाखालचा कोणीही तेच करील. म्हणून पाळणाघर बागेचं नको, गावाचं हवं. केंद्राच्या मिशन शक्तीखालच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर देता येतं. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, ही त्याची आखणी. ही वेळ दफ्तराची आहे. टोळी सातला बाहेर पडते, परत येते पाचनंतर. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षगावांत ऑक्टोबर ते एप्रिल हेच पाळणाघर दहा तास चालवावं आणि ते टोळीच्या वस्तीजवळ असावं, ग्रामपंचायतीच्या इमारतीत नव्हे. दुपारच्या सुट्टीत आई चालत येऊ शकेल एवढंच अंतर. एवढ्यानं सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची अशा तीन पाळ्या वाचतात आणि दूध टिकायला तेवढं पुरतं.

आता सहावा महिना. सगळा वाद अंगावरच्या दुधाचा, पण घात होतो इथे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं रोड होती. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशात ११.३ टक्के. म्हणजे दहातली जवळपास नऊ मुलं या खिडकीत अपुऱ्या आहारावर जातात, आणि ही खिडकी पुन्हा उघडत नाही. यावर वाद मात्र होत नाही.

कारण गरिबी आहे, हे खरं. पण सगळं गरिबीवर ढकलणाऱ्यांनी डाळीच्या पाण्याचा हिशेब करावा. बाळाला ‘हलकं’ म्हणून पेज, वरणाचं पाणी, भाताचं निवळ देतात आणि हे बंगल्यातही देतात. शंभर मिलिलिटर पेजेत पाच ग्रॅम तांदूळ धरला तर त्यातून सतरा-अठरा किलोकॅलरी मिळतात. तेवढ्याच आईच्या दुधात पासष्ट-सत्तर असतात. म्हणजे दुधाला जोड म्हणून आपण दुधापेक्षा चौपट पातळ अन्न देतो आणि ते पोटातली दुधाची जागा अडवतं. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी हव्यात, नऊ ते अकराला ३००, वर्षानंतर ५५०. पोट लहान, म्हणून अन्न घट्ट हवं: चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं.

घट्ट आणि तरी गिळता येईल असं अन्न आपल्या डोंगरपट्ट्यातच आहे. नागली (नाचणी) रात्रभर, बारा तास, भिजवायची, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर हलकी भाजून दळायची. मोडांमुळे पिठातल्या पिष्टाचे तुकडे होतात, त्यामुळे दुप्पट पीठ घातलं तरी खीर गोळा होत नाही. जास्त भाजलं तर हा गुण जातो, इथे बहुतेक चुकतात. आणखी एक चूक शहरात होते: सत्त्व म्हणून वस्त्रगाळ करतात, त्यात कोंड्याबरोबर लोह आणि कॅल्शियमही जातं, बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर तरी न चाळता द्यावं. २५ ग्रॅम पीठ म्हणजे ऐंशीएक किलोकॅलरी, त्यात १० ग्रॅम शेंगदाण्याचं बारीक कूट, पंचावन्न, आणि एक चमचा तेल, पंचेचाळीस. एका वाटीत १८०. पूर्ण दिवसाची गरज जवळजवळ एका वाटीत बसते. कूट मैद्यासारखं हवं; अर्धा दाणासुद्धा श्वासनलिकेत अडकू शकतो. मीठ-साखरेची गरज नाही. आणि चहा-बिस्किट नको. सहा ते एकोणसाठ महिन्यांची देशातली ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत, चहा त्यात लोह शोषू देत नाही.

सरकारी आहारावरचा आक्षेप असा की टीएचआरची, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं घरातल्या सगळ्यांत वाटली जातात, कधी गुरांपुढे जातात. खरं आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ठरलेल्या किलोकॅलरी आणि प्रथिनं देण्याचा निकष त्या पाकिटातून बाळाच्या पोटापर्यंत पोचत नाही. पण म्हणून योजना बंद करा, हा निष्कर्ष कसा निघतो? आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत आठवड्याला चार अंडी द्यायची ठरली, अंडी न खाणाऱ्यांना केळी. अंडं उकडून अंगणवाडीतच खायला दिलं की ते वाटलं जात नाही. त्यावरचा शाकाहाराचा वाद वेळखाऊ आहे: ज्याला नको त्याला केळं मिळतंच, पण केळ्यात प्रथिनं ग्रॅमभर आणि अंड्यात सहा, तेव्हा केळ्याबरोबर भाजक्या दाण्यांचं बारीक कूट द्यायला हवं, एवढाच त्यात मुद्दा आहे. पाकिटापेक्षा शिजवून दाखवलेली वाटी कामाची. आशाच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही आहेत. सहाव्या महिन्याची भेट चुलीपाशी व्हावी: तिथल्याच पिठाची, तिथल्याच वाटीत, आईसमोर एक वाटी शिजवायची आणि बाळाला भरवायची. साहित्याचा खर्च एका पोस्टरच्या छपाईएवढाही नाही.

हे सगळं कोण करणार, हा प्रश्न उरतो आणि तो सगळ्यात अवघड आहे. अंगणवाडी सेविकेचा दिवस वजनकाटा, पोषण ट्रॅकर या मोबाइलवरच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षण आणि फोटो यांत जातो. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, त्याचं कारण हेच होतं: निकृष्ट फोन, न चालणारं अ‍ॅप आणि तेच तेच भरणं. २०२३ च्या डिसेंबरपासून त्या संपावर होत्या. तिच्याकडून सहाव्या महिन्याची वाटी हवी असेल तर तिच्या डोक्यावरून चार फॉर्म उतरवावे लागतील. नवी योजना आणण्यापेक्षा हे कठीण, कारण फॉर्म उतरवल्याचं उद्घाटन होत नाही.

सुरुवात कुठून करायची ते नाशिकला विचारावं लागत नाही. पोषण माह सप्टेंबरात येतो आणि गोडी छाटणीच्या टोळ्या त्याच सुमारास घर सोडतात. त्या एका महिन्यात सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या दीड वर्षाखालच्या बाळांची आणि गरोदर बायांची नावं दिंडोरी-निफाडच्या अंगणवाड्यांकडे गेली पाहिजेत, म्हणजे तिथला आहार आणि वजन त्यांच्या नावावर पडेल. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करायची सोय आहे. पण बाई पोचल्यावर स्वतः जाऊन नाव घालील ही अपेक्षा खुळी आहे. तिला त्या गावातली अंगणवाडी कुठे आहे हेच माहीत नसतं. कोणती टोळी, कोणत्या गावात, किती बाया, किती लेकुरवाळ्या, हे आधीपासून एका जागी लिहिलेलं असतं: उचल देताना मुकादम सगळी नावं वहीत घेतो. ग्रामसेवक आणि सेविका यांनी ऑगस्टच्या शेवटी त्या वह्या उतरवून घ्याव्यात.